ताप नसतानाही बाळाला गंभीर जंतुसंसर्ग कसा होतो? नवजात बाळाच्या प्रतिकारशक्तीविषयी

निळी_शाई (धागाकर्ती)

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी जंतूंच्या तपासण्या करते. एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळांच्या रक्ताचे नमुने रोज हाताखालून जातात. ‘जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरचे म्हणतात, ताप तर नव्हता. आणि पाठोपाठ कोणीतरी म्हणतं, लहान बाळाला कुठली प्रतिकारशक्ती! हे दुसरं वाक्य मला खटकतं. ते खरं नाही, आणि त्यावर विश्वास ठेवला की बाळाचं आजारपण ओळखायला उशीर होतो. म्हणून हा धागा.

प्रतिकारशक्तीच नसती तर जन्मल्याबरोबर लशी टोचून काय उपयोग झाला असता? हेपॅटायटिस बीचा पहिला डोस २४ तासांच्या आत देतात आणि बाळाचं शरीर त्याला व्यवस्थित उत्तर देतं. शास्त्रज्ञही बरीच वर्षं ‘अपुरी यंत्रणा’ असंच म्हणत होते. १९५३ मध्ये पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या पेशी सोडल्या. त्या पिल्लांनी मोठेपणी त्याच परक्या वंशाची कातडी विनातक्रार स्वीकारली. या कामाला १९६० चं नोबेल मिळालं, आणि नवजात जीव परकं-आपलं ओळखत नाही ही समजूत घट्ट बसली. १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एकाच वेळी तीन प्रयोग छापून आले. योग्य मात्रेत, योग्य पेशींकडून ओळख करून दिली तर नवजात उंदीरही मोठ्यांसारखा प्रतिकार करू शकतो, असं त्यांत दिसलं. क्षमता असते. ती आवरून धरलेली असते.

का आवरायची? नऊ महिने आईच्या पोटात राहायचं तर आईच्या पेशींवर हल्ला करून चालत नाही. आणि बाहेर आल्यावर काही दिवसांतच कातडीवर, तोंडात, आतड्यात अब्जावधी जंतू वस्तीला येतात. त्यातले बहुतेक पुढे आयुष्यभर उपयोगी पडणारे. प्रत्येकाशी लढत बसलं तर आतड्याची आगच होईल. सिनसिनाटीच्या एका गटाने २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की नवजात उंदरांत (आणि माणसाच्या नाळेच्या रक्तातही) सीडी७१ ही खूण असलेल्या अपक्व लाल पेशी भरपूर असतात, आणि त्या पांढऱ्या पेशींना दाबून ठेवतात. उंदरांमधल्या या पेशी काढून टाकल्यावर पिल्लं जंतूंशी जास्त जोरात लढली, पण त्यांच्या आतड्याला सूजही आली. म्हणजे त्या दाबून ठेवण्याची किंमत आहे तसा फायदाही आहे. खरे रोगजंतू रक्तात शिरतात तेव्हा ती किंमत मोजावी लागते.

आता सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते सांगते. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. पिकलेल्या न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तीन-चार तुकडे पातळ धाग्याने जोडलेले दिसतात. गंभीर आजारी बाळाच्या स्लाइडवर मात्र सलग, वाकलेलं, घोड्याच्या नालेसारखं केंद्रक असलेल्या कच्च्या पेशी जास्त दिसतात. त्यांना आम्ही बँड म्हणतो. आत जाडसर गडद कण असतात, मध्येच पोकळ्या. बाळाच्या हाडांच्या मगजात न्यूट्रोफिलचा राखीव साठा फार थोडा असतो. तो संपला की मगज कच्च्या पेशीच बाहेर पाठवतो. एकूण न्यूट्रोफिलमध्ये कच्च्यांचं प्रमाण ०.२ च्या वर गेलं की संशय पक्का होत जातो. मोठ्या माणसाच्या अहवालात पांढऱ्या पेशी वाढलेल्या बघून लोक घाबरतात. बाळाच्या अहवालात त्या ५,००० च्या खाली गेल्या की मी वॉर्डला फोन लावते.

आहेत त्या न्यूट्रोफिलही रक्तवाहिनीच्या भिंतीला नीट चिकटत नाहीत आणि संसर्गाच्या जागी उशिरा पोचतात. जंतूंना अडकवायला मोठ्यांच्या न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, तेही या पेशींना नीट जमत नाही. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं, जी जंतूंना भोकं पाडतात, साधारण मोठ्यांच्या निम्मीच असतात. धोक्याची वर्दी देणारे काही रेणू, म्हणजे टीएनएफ आणि आयएल-१२, कमी तयार होतात. आयएल-६ आणि आवर घालणारा आयएल-१० मात्र भरपूर.

आणि ताप? ताप आणायला ऊर्जा लागते. बाळाची सगळी शिदोरी वाढीला आणि अंग ऊबदार ठेवायला खर्च होत असते. त्यामुळे गंभीर संसर्गात बाळ तापण्याऐवजी थंडगार पडू शकतं. दूध ओढेनासं होतं, मलूल होतं, डिवचल्याशिवाय हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची धोक्याची चिन्हं अशी आहेत: नीट दूध न पिणं, झटके, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छातीला खोल खड्डे पडणं, हालचाल मंदावणं, अंग ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर, नाहीतर ३५.५ अंशांच्या खाली. यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका.

मांजरीकर

ताई, फार वेळेवर लिहिलंत. आमचं बाळ ३१ आठवड्यांतच जन्मलेलं, सध्या पेटीत आहे. पहिला सीआरपी (रक्तात दाह आहे का ते दाखवणारी तपासणी) नॉर्मल आला तरी डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं. मी जरा वाद घातला, की अहवाल नॉर्मल असताना औषध कशाला. दुसऱ्या दिवशी सीआरपी वाढलेला. हे कसं? आणि रक्तात जंतू आहेत का ते बघणाऱ्या कल्चरला दोन-दोन दिवस का लागतात?

निळी_शाई

@मांजरीकर, तुम्ही विचारलंत ते योग्यच केलंत, आईवडिलांनी विचारायलाच हवं. सीआरपी यकृतात तयार होतं आणि तेही आयएल-६ ची वर्दी पोचल्यावर. ते रक्तात दिसायला ६ ते १२ तास जातात. संसर्गाच्या सुरुवातीलाच रक्त घेतलं तर अहवाल नॉर्मल येणारच. बाळाची तब्येत काही तासांत ढासळू शकते, म्हणून लक्षणं दिसली की आधी कल्चरचं रक्त घेतात आणि लगेच औषध सुरू करतात.

कल्चरचं असं. रक्तात जंतू फार थोडे असतात, ते बाटलीत वाढवावे लागतात. बाटलीच्या बुडाशी एक चकती असते. जंतू वाढून कार्बन डायऑक्साइड सोडू लागले की तिचा रंग पिवळा होतो, मशीन तो सतत वाचत असतं. बऱ्याचदा ३६ तासांत निकाल लागतो, पण ‘जंतू नाहीत’ असं म्हणायला ४८ तास तरी थांबतो. नमुना निदान १ मिली हवा. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८०-९० मिली रक्त असतं, त्यामुळे तो १ मिली काढतानाही सिस्टर किती जपून काढतात ते मी पाहिलंय.

३१ आठवड्यांबद्दल: आईची आयजीजी जातीची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, पण मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे ती आईइतकी, कधी जास्तही असतात. लवकर आलेल्या बाळाला ही शिदोरी अर्धवटच मिळते. आयजीएम ही प्रतिपिंडांची दुसरी जात तर वार ओलांडतच नाही. म्हणूनच वहिनींचा चीक थेंबभर का होईना, पोचवत राहा. त्यातलं स्रावी आयजीए हे प्रतिपिंड आतड्याच्या अस्तरावर पहारा देतं.

टेकडीवरचा_डॉक्टर

बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून एक भर. परदेशी पुस्तकांत पहिल्या तीन दिवसांतल्या संसर्गाचं खापर ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलायवर असतं. आपल्याकडचं चित्र निराळं आहे. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान मोठा अभ्यास झाला. त्यात सर्वाधिक सापडला ॲसिनेटोबॅक्टर, मग क्लेबसिएला, मग ई. कोलाय. ॲसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. आणि बहुतेक संसर्ग पहिल्या ७२ तासांतच सुरू झालेले. म्हणजे जंतू जन्माच्या वेळी किंवा लगेचच बाळापर्यंत पोचतोय: हात, नळ्या, पृष्ठभाग. हे मला फार टोचतं, कारण ही गोष्ट आपल्या हातात आहे.

अजून एक. ‘पाठीतून पाणी काढायचं’ म्हटलं की नातेवाईक हबकतात, सही देत नाहीत. रक्तातला जंतू मेंदूच्या आवरणात गेलाय का, हे बाळाच्या बाबतीत बाहेरून ओळखता येत नाही. मान आखडत नाही, टाळू फुगली तर फुगते, तीही उशिरा. मेंदूज्वर असेल तर औषधाची मात्रा बदलते आणि मुदत तीन आठवड्यांपर्यंत जाते. कृपया त्या तपासणीला नकार देऊ नका.

नातवंडांची_आजी

निळीशाई, तुझं लिहिणं कळलं गं, सोप्पं करून सांगितलंस. सून पुढच्या महिन्यात बाळंत होईल. आमच्याकडे पहिल्या दिवशी मधाचं बोट, मग बाळगुटी, बेंबीला हळद-तेल, मालिश करून कढत पाण्याची आंघोळ आणि धुरी, असं सगळं साग्रसंगीत. माझी तिन्ही मुलं याच्यावरच वाढली. सून म्हणते, डॉक्टरांनी नको सांगितलंय. घरात यावरून कुरबुर नको म्हणून इथे विचारते. यातलं काय ठेवू आणि काय सोडू?

निळी_शाई

आजी, तुम्ही विचारलंत याचंच मला बरं वाटलं. मालिश ठेवा, बाळ ठणठणीत आणि वजनाने चांगलं असेल तर हलक्या हाताने, ऊबदार खोलीत. तुमच्या हाताला जी सवय आहे ती नव्या आईला कुठून येणार?

मध मात्र एक वर्षापर्यंत नको. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमची बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात ती रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. गुटीही सोडा. सहाणेवर उगाळलेलं, पाण्यात कालवलेलं काहीही थेट आतड्यात जातं, आणि तिथलं अस्तर अजून घट्ट विणलं गेलेलं नसतं. पहिलं बोट चिकाचंच असू दे.

बेंबी कोरडी ठेवा, काही लावू नका. नाळेचा तुकडा आपोआप वाळून पडतो. तिथून रक्तवाहिनीची वाट सरळ आत जाते, त्यामुळे भोवती लाली, पू किंवा घाण वास आला तर लगेच दाखवा. पहिली आंघोळ २४ तासांनंतर. जन्मताना अंगावर जो पांढरा चिकट थर असतो तो घाण नाही, त्यात जंतू मारणारी प्रथिनं असतात. धुरी पूर्ण बंद, बाळाच्या श्वासाला त्रास होतो.

भोरची_आशा

मी भोर तालुक्यात आशा म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आम्ही घरी भेटीला जातो, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. वर सांगितलेली चिन्हं आम्हाला प्रशिक्षणात शिकवली आहेत. श्वास मोजायचा तर बाळ शांत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट मोजायचा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण बाळ मध्येच थांबून थांबून श्वास घेतं. साठ किंवा जास्त आला तर परत एकदा मोजायचा. दुसऱ्यांदाही साठ किंवा जास्त असेल तर गाडी बोलवायची. १०२ किंवा १०८.

आणि एक सांगते. ‘बाळ फार गुणाचं आहे, रडतच नाही, सारखं झोपतं’ असं कोणी कौतुकाने सांगितलं की मी आधी बाळाला उघडं करून बघते. पायाला हात लावते, मग पोटाला. पाय गार आणि पोटही गार असेल तर बाळ गारठलंय. आईच्या अंगाला लावते, वरून पांघरूण घालते, आणि दूध पितंय का तिथेच बसून बघते. बघितल्याशिवाय उठत नाही.

टेकडीवरचा_डॉक्टर

@भोरची_आशा, ताई, तुमच्यासारख्यांच्या कामाची पायवाट आपल्याच राज्यात पडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून त्या जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला: शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. मुख्य हत्यार काय, तर लक्षण लवकर ओळखणारी नजर.

पाषाणकर_संशोधक

धागा उत्तम, पण मला एक आक्षेप नोंदवायचाय. मी प्रतिकारशास्त्रात पीएचडी करतोय. ‘आवरून धरलेली यंत्रणा’ हे चित्र जरा जास्तच सुबक आहे. त्याचा बराच पुरावा दोन ठिकाणांहून येतो: स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेले उंदीर आणि निरोगी बाळांच्या नाळेचं रक्त. नाळेतलं रक्त म्हणजे आजारी बाळाचं रक्त नव्हे. त्यात ॲडेनोसिनसारखी द्रव्यं जास्त असतात, जी टीएनएफ दाबतात. शिवाय संसर्ग झालेल्या काही बाळांत दाह कमी नसतो, उलट भडका उडालेला असतो, आणि अवयव त्यानेच निकामी होतात. मग ‘आवर घातलेली’ कसं म्हणायचं?

निळी_शाई

@पाषाणकर_संशोधक, हा मुद्दा यायलाच हवा होता. दोन्ही गोष्टी एकाच बाळात दिसतात. एडिंबराच्या गटाने २०१४ मध्ये प्रत्यक्ष संसर्ग झालेल्या बाळांचं रक्त घेऊन कोणती जनुकं चालू-बंद होतात ते तपासलं, म्हणून मला ते काम महत्त्वाचं वाटतं. त्यांना ५२ जनुकांची एक खूण सापडली, जिच्यावरून संसर्ग असलेली आणि नसलेली बाळं वेगळी काढता येत होती. चित्र असं होतं: जन्मजात प्रतिकाराची, म्हणजे न्यूट्रोफिल वगैरेंची जनुकं जोरात चालू. टी पेशींच्या (जंतू ओळखून नेमका प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) बाजूची जनुकं मात्र दबलेली. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटली: साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या वापराशी संबंधित जनुकंही बदललेली.

म्हणजे बाळाचं शरीर गप्प बसलेलं नसतं. ते जोरात उत्तर देतं, पण एका बाजूने, आणि त्यासाठी लागणारं इंधन कुठून आणायचं हा प्रश्न त्याच्यासमोर त्याच वेळी असतो. भडका उडतो तो राखीव साठा तोकडा असताना उडतो. म्हणून संसर्ग झालेल्या बाळाची साखर वारंवार तपासतात आणि त्याला ऊबदार ठेवतात. ‘आवर’ हा शब्द मी संसर्गाआधीच्या स्थितीसाठी वापरला होता, एवढी दुरुस्ती तुमच्यामुळे स्पष्ट झाली.

पाषाणकर_संशोधक

हे पटलं. एक जोड: ज्या जंतूंभोवती साखरेचं कवच असतं, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवणं बाळाला साधारण दोन वर्षांपर्यंत नीट जमत नाही. त्यावर तोडगा म्हणून त्या साखरेला प्रथिनाची जोड देऊन लस करतात. म्हणजे टी पेशींची मदत मिळवून दिली की तेच बाळ प्रतिपिंडं बनवतं. आपल्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची न्यूमोसिल ही लस याच तत्त्वावर बनलेली आहे, २०२० साली आली.

मांजरीकर

सगळं दोनदा वाचलं. बाळ आज बरं आहे, सीआरपी उतरतोय. नातेवाईक मात्र रोज काहीतरी सुचवतात. कोणी म्हणतं प्रतिपिंडांचं महागडं इंजेक्शन मागून घ्या, कोणी लॅक्टोफेरिन या दुधातल्या प्रथिनाची पुडी, कोणी प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जंतूंचे) थेंब. पैसे उभे करायची तयारी आहे. खरंच यातलं काही आणू का?

निळी_शाई

तुमची तगमग कळतेय. पण हे प्रश्न हजारो बाळांवर तपासून झालेत, त्यामुळे स्पष्ट सांगता येतं. संसर्ग झालेल्या जवळजवळ ३,५०० बाळांना शिरेतून प्रतिपिंडं देऊन पाहिली, २०११ मध्ये निकाल आला: मृत्यू किंवा अपंगत्वात काही फरक नाही. लॅक्टोफेरिन २,२०० मुदतपूर्व बाळांत, २०१९: संसर्ग कमी झाला नाही. न्यूट्रोफिल वाढवणारं औषध, २००९: पेशी वाढल्या, संसर्ग तेवढाच राहिला. नुसती संख्या वाढवून भागत नाही, हेच यातून दिसतं.

प्रोबायोटिकचं उत्तर मात्र सरसकट नाही. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर बाळांना ठरावीक लॅक्टोबॅसिलस आठवडाभर दिला. संसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हे २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं आणि मला त्याचा फार अभिमान आहे. पण ती बाळं किमान ३५ आठवड्यांची आणि २ किलोच्या वरची होती. तुमच्या बाळासारख्या नाजूक बाळात तो जिवंत जंतूच रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत. दुकानातून आणून काही देऊ नका, तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

तुम्हाला काही करायचंच असेल तर कांगारू पद्धतीबद्दल विचारा. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवलं. २०२१ च्या निकालानुसार मृत्यू २५ टक्क्यांनी घटले, संसर्गाचा संशयही कमी बाळांत आला. वडीलही हे करू शकतात.

मांजरीकर

आत्ताच सिस्टरना विचारून आलो. हो म्हणाल्या, उद्या सकाळपासून दोन तास मी आणि दुपारी बायको. काय तयारी करून जाऊ?

भोरची_आशा

दादा, पुढून उघडणारा धुतलेला सुती शर्ट घाला. आंघोळ करून जा, अत्तर-पावडर नको. अंगठी, घड्याळ, हातातला दोरा घरीच काढून ठेवा आणि हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. बाळाला टोपी आणि मोजे हवेत. सर्दी-खोकला असेल किंवा अंगावर पुरळ असेल तर त्या दिवशी सिस्टरना आधी सांगा. आणि बसण्याआधी लघवीला जाऊन या, मध्येच उठता येत नाही.